छोटी रेस कार ओढण्यासाठी स्वस्तातली गाडी: आधी ट्रेलर तोला, मग गाडी शोधा

प्रश्न नेहमीचा आहे. नऊशे-हजार किलोची छोटी रेस कार ट्रेलरवर घालून ट्रॅकपर्यंत न्यायची आहे आणि खिशात पैसे बेताचे आहेत. जुना पिकअप घ्यावा, एसयूव्ही घ्यावी, व्हॅन घ्यावी, की रोजच्याच गाडीला हिच (ट्रेलर अडकवायचा मागचा जोड) बसवून भागवावं?

उत्तर आधी सांगतो. ट्रेलर उघडा, हलका आणि स्वतःचे ब्रेक असलेला असेल, तर स्वतःचं वजन १८०० किलोच्या आसपास असलेली, लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), मागच्या किंवा चारही चाकांना ताकद जाणारी आणि नीट राखलेली कुठलीही जुनी गाडी हे काम करते. ती पिकअपच असायला हवी असं नाही. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात, पण इंजिन क्वचितच कमी पडतं. त्याआधी मागचे स्प्रिंग, ब्रेक आणि गिअरबॉक्स थंड ठेवण्याची सोय कमी पडते. म्हणून गाडीसाठी ठेवलेल्या रकमेतला एक तृतीयांश भाग खरेदीत घालवू नका. हिच, वायरिंग, टायर, ब्रेक आणि कूलर यांसाठी तो लागतोच.

वजनाचा हिशेब

गाडी शोधायच्या आधी सगळं सामान लादलेला ट्रेलर वजनकाट्यावर घाला. अजून ट्रेलर नसेल तर आकडे मांडून बेरीज करा आणि त्यात १० टक्के भर घाला. फॉर्म्युला व्हीसारखी सिंगल सीटर (एकाच सीटची, उघड्या चाकांची रेस कार) ड्रायव्हरशिवाय ४०० किलोच्या आत बसते. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ कारखान्यातून ९५० किलोच्या आसपास निघाली. आतल्या सीट आणि गालिचे काढून वजन उतरलं, तरी रोल केज (कार उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) त्यातले ३०-४० किलो परत आणतो.

खरा फरक ट्रेलरमुळे पडतो. सिंगल सीटरसाठीचा एका ॲक्सलचा (चाकांच्या एका जोडीचा) उघडा ट्रेलर २५० ते ३५० किलोचा असतो. बंद चाकांची कार नेणारा दोन ॲक्सलचा लोखंडी ट्रेलर ६०० ते ८५० किलोचा, तर ॲल्युमिनियमचा ४५० ते ५५० किलोचा. चारी बाजूंनी बंद ट्रेलर घेतलात तर तो रिकामाच १२०० किलोच्या पुढे जातो आणि वर वाऱ्यासमोर भिंत उभी राहते ती वेगळीच. मग सामान: रिमसकट टायरचा एक जादा संच ६० ते ७० किलो, जॅक आणि स्टँड ४०, टूलबॉक्स ५०, तंबू २५-३०, २० लिटर पेट्रोलचे १५. हे सगळं किरकोळ वाटतं, पण बेरीज सहज २०० किलोच्या घरात जाते.

एमएक्स-५ जातीची ९५० किलोची कार, ६०० किलोचा ट्रेलर आणि ट्रेलरवर १५० किलो सामान मिळून १७०० किलो होतात. सिंगल सीटरवाल्याचे ४०० अधिक ३०० अधिक १०० असे ८०० किलोच होतात. पहिल्याला खास गाडी शोधावी लागते, दुसऱ्याला मध्यम आकाराची इस्टेट (लांब डिकीची स्टेशन वॅगन) पुरते. इथेच सगळ्यात स्वस्त उपाय दडलेला आहे. ट्रेलर ३०० किलोने हलका केला तर ओढणारी गाडी एक इयत्ता खालची चालते. हलक्या ट्रेलरसाठी एकदा दिलेले जास्तीचे पैसे पुढच्या गाडीलाही उपयोगी पडतात, आणि ट्रेलरची किंमत गाडीसारखी झपाट्याने उतरत नाही.

कागदावरचे चार आकडे

जाहिरातीत गाजवला जाणारा आकडा एकच असतो, जास्तीत जास्त ओढण्याची क्षमता. तुमच्या कामाचे आकडे चार आहेत आणि त्यातला जो आधी भरतो तीच तुमची मर्यादा. एक, ओढण्याची क्षमता. दोन, गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा. तीन, गाडीच्या स्वतःच्या पोटात आणि पाठीवर किती वजन चालतं ते. चार, हिचच्या बॉलवर (ज्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक टेकतं त्यावर) उभा दाब किती चालतो तो. शिवाय मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी दिलेली असते, तीही पाहा.

युरोपीय पद्धतीच्या गाडीवर चॅसिस नंबरच्या पट्टीवर वजनांच्या चार ओळी असतात: गाडीचं कमाल वजन, ट्रेलरसकट कमाल वजन, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल. दुसऱ्या ओळीतून पहिली वजा केली की भरलेल्या गाडीमागे किती ट्रेलर चालतो ते कळतं. दुसरी ओळ रिकामी असेल तर कंपनीने त्या गाडीला ओढण्याची परवानगीच दिलेली नाही, मग विकणारा काहीही सांगो. अमेरिकी गाडीत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं.

तिसरा आकडा लोकांना दगा देतो. वरच्या १७०० किलोच्या ट्रेलरचं उदाहरण घ्या. दोन माणसं १५० किलो, डिकीत हत्यारं आणि सामान १५०, हिच २५, बॉलवर ट्रेलरचा भार १५०. झाले ४७५ किलो. पुष्कळ इस्टेट आणि मध्यम एसयूव्हींची भार सोसण्याची मर्यादा ४५० ते ५५० च्या घरात असते. म्हणजे ‘२००० किलो ओढते’ असं छापलेली गाडी १७०० वरच काठोकाठ भरली. तिसरा माणूस बसला की मर्यादा ओलांडली. बॉलवरचा भार गाडीच्या वजनात धरायचा असतो, हे निम्म्या लोकांच्या ध्यानातच येत नाही.

एकाच मॉडेलला दोन खंडांत वेगवेगळी क्षमता का, असंही विचारलं जातं. युरोपात क्षमता ठरवताना भरलेली जोडी १२ टक्के चढावर ५ मिनिटांत ५ वेळा जागेवरून उचलून दाखवावी लागते. म्हणजे तिथे क्लच आणि सुरुवातीची ताकद यांची परीक्षा होते. शिवाय बॉलवरचा भार कमी, ट्रेलरच्या वजनाच्या ४ ते ७ टक्के धरतात आणि वेग मर्यादित असतो. उत्तर अमेरिकेत एसएई जे २८०७ ही चाचणी मानणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या एसी लावून, ३८ अंश सेल्सियसच्या उन्हात लांब घाट चढून दाखवतात. तिथे बॉलवर १० ते १५ टक्के भार धरतात. म्हणून युरोपातला मोठा आकडा बघून १२० च्या वेगाने पळवायची स्वप्नं पाहू नका. तो आकडा त्या वेगासाठी दिलेलाच नाही.

लायसन्सचा वर्गही आत्ताच तपासा. बऱ्याच देशांत साध्या कारच्या लायसन्सवर जोडीचं एकूण वजन किती चालतं याला मर्यादा असते, आणि ती प्रत्यक्ष वजनावर नव्हे तर पट्टीवर छापलेल्या कमाल वजनावर मोजली जाण्याची शक्यता असते. जड पिकअप घेतल्यामुळेच लायसन्स अपुरं पडलं असंही होतं.

लांबी, मागचा ओव्हरहँग आणि स्वतःचं वजन

बॉल मागच्या ॲक्सलच्या जितका मागे, तितकी गाडी तरफेसारखी वागते. बॉल ॲक्सलपासून १.२ मीटर मागे (हाच ओव्हरहँग), व्हीलबेस २.७ मीटर आणि बॉलवर १५० किलो असतील, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ६७ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर २१७ किलोची भर पडते. व्हीलबेस ३.२ मीटर आणि ओव्हरहँग १.१ मीटर असेल तर पुढचे फक्त ५२ किलो कमी होतात. फरक १५ किलोचा दिसतो. पण पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ओल्या गवताच्या पॅडॉकमधून (ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेतून) बाहेर पडताना तेवढ्यावरही चाक जागीच फिरायला लागतं, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे जातात.

ट्रेलरच्या मानाने गाडी जड हवी. नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे नेऊ नये, हा जुना ठोकताळा कॅरॅव्हॅनवाल्यांचा (गाडीमागे फिरतं घर ओढणाऱ्यांचा) आहे आणि आपल्यालाही लागू पडतो. रेस कारचा ट्रेलर कॅरॅव्हॅनपेक्षा बसका असतो, त्यामुळे अनुभव आल्यावर १०० टक्क्यांपर्यंत जाता येतं. त्यापुढे जायचं तर वेगळ्या लोखंडी चॅसिसवर उभी असलेली, मुळातच ओढण्यासाठी घडवलेली गाडी हवी.

मागचे स्प्रिंग भाराने दबत असतील तर कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या किंवा जादा पाटे उपयोगी आहेत. त्यांनी गाडी समांतर राहते, दिवे सरळ पडतात. छापलेली मर्यादा मात्र एक किलोनेही वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. भार पुढच्या चाकांवर परत ढकलणारा दांडेवाला हिच जड ट्रेलरला कामाचा आहे, पण मोनोकॉक बॉडीच्या (वेगळी चॅसिस नसलेल्या) कितीतरी गाड्यांत कंपनीने त्याला मनाई केलेली असते. आधी गाडीचं पुस्तक वाचा.

इंजिन आणि गिअरबॉक्स

सपाटीवर ९० च्या वेगाने १७०० किलोचा उघडा ट्रेलर ओढायला फारशी ताकद लागत नाही. लागते ती चढावर. टर्बो डिझेलचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १८०० आरपीएमला मिळतो म्हणून ते आरामशीर वाटतं, तर साधं पेट्रोल इंजिन ४००० पर्यंत ओरडत तेच काम करतं. आवाज सहन होत असेल तर पेट्रोलमध्ये काही वावगं नाही. उंचावर मात्र टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरमागे साधारण १० टक्के ताकद गमावतं, हे डोंगराळ भागात राहणाऱ्याने हिशेबात धरावं.

गिअरबॉक्सवर माझा जीव अडकतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा) जुना ऑटोमॅटिक ओढण्यासाठी चांगला असतो: जागेवरून उचलताना झटका नाही, उलटा घेताना क्लच जळत नाही. त्याचा शत्रू उष्णता. कन्व्हर्टर लॉक झालेला नसताना आत तेल घुसळलं जातं आणि ती सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. गिअरबॉक्स चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये लॉक-सुटणं, लॉक-सुटणं असं सतत करू लागला की तेल भराभर तापतं. उपाय साधा आहे. एक गिअर खाली धरून ठेवा, ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा, टो मोड असेल तर लावा. आरपीएम वाढलेले दिसतील, तेल मात्र थंड राहील. मेकॅनिकांचा अंदाज असा की नेहमीच्या ८०-९० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून रेडिएटरमधल्या कूलरनंतर, परतीच्या नळीवर एक वेगळा कूलर बसवा आणि तापमानाचा काटा लावा. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपुढे हा खर्च काहीच नाही.

मॅन्युअलमध्ये तेल तापत नाही, पण क्लच प्लेट खर्ची पडते, विशेषतः चढावर ट्रेलर इंच-इंच उलटा घेताना. पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी आणि ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) हे गिअरबॉक्स ट्रेलरपासून दूर ठेवा. कंपनीने परवानगी दिलेली असली तरी ती बहुधा हलक्या ट्रेलरपुरतीच असते, आणि जुन्या गाडीत ते खराब झाले तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

कुठल्या जातीची गाडी

स्वस्तात सगळ्यात जास्त उपयोग देणारी गाडी माझ्या मते मागच्या चाकांवर चालणारी लांब व्हॅन आहे. पिकअपइतकी ती कोणाला हवीहवीशी वाटत नाही, म्हणून किंमत कमी. व्हीलबेस लांब, भार सोसण्याची मर्यादा ८०० ते १२०० किलो, त्यामुळे बॉलवरच्या भाराची चिंता मिटते. टायर, हत्यारं, जनरेटर आत कुलपात राहतात, ट्रेलर हलका होतो आणि रात्री आत झोपताही येतं. तोटेही आहेत: बहुतेक व्हॅन कुणाच्या तरी धंद्यात रगडून निघालेल्या असतात, आणि रोज ऑफिसला न्यायला त्या गैरसोयीच्या.

चॅसिसवरची जुनी एसयूव्ही हा सुरक्षित पर्याय. वजनदार, चारचाकी ताकद, हिच बसवायला मजबूत जागा. फक्त उंच आणि आखूड, दोन दारांचं मॉडेल टाळा. लांब व्हीलबेसचंच घ्या. इंधन पितात म्हणून लोक त्या विकतात, आणि वर्षातून मोजक्याच वेळा ओढणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं. पिकअपचं कौतुक जरा जास्तच होतं. रिकामा असताना त्याचा मागचा भाग उडतो, आणि सामान उघड्यावर राहतं. पण वापरलेले मिळत असतील तर नाही म्हणू नका.

१२०० किलोच्या आत काम भागत असेल तर मागच्या किंवा चारही चाकांवर चालणारी मोठी इस्टेट उत्तम. बसकी असल्यामुळे स्थिर राहते आणि बाकी आठवडाभर घरची गाडी म्हणून वापरता येते. सात आसनी मिनीव्हॅनही ओढते, पण पुढच्या चाकांवरची असेल तर चढावरच्या ओल्या रस्त्यावर उभं राहून परत निघताना घाम फुटतो. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर ओढण्याची परवानगी आहे का ते आधी बघा. असली तरी ट्रेलर लावल्यावर रेंज बरीच घटते.

ब्रेक आणि वायरिंग

२००० किलोची गाडी आणि १७०० किलोचा ट्रेलर ५०० मीटर उंचीचा घाट उतरतात तेव्हा सुमारे ५ युनिट ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, म्हणजे हजार वॉटची शेगडी सलग पाच तास चालवण्याएवढी उष्णता. हवा आणि इंजिन त्यातला वाटा उचलतात, उरलेली ब्रेकवर येते. म्हणून घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. पेडल मऊ लागणं ही त्याची पहिली खूण. जुनी गाडी विकत घेतली की हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.

युरोपात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कायदा काहीही असो, हीच सीमा डोक्यात ठेवणं शहाणपणाचं आहे. ट्रेलर पुढे ढकलला की आपोआप दाबले जाणारे ओव्हररन ब्रेक साधे आणि स्वस्त, गाडीत काही बसवावं लागत नाही. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर लागतो, पण एक मोठा फायदा मिळतो: ट्रेलर डोलू लागला तर फक्त त्याचेच ब्रेक हाताने लावता येतात. कुठलेही असोत, ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक ओढणारी केबल किंवा स्विच हवाच, आणि ती केबल बॉलच्या गळ्यात नुसती अडकवू नका. हिचवरच्या वेगळ्या कडीत अडकवा.

नव्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून ट्रेलरची वायर जोडणं महागात पडतं. गाडीचा कॉम्प्युटर बल्बचा करंट मोजत असतो. त्याला जादा भार दिसला की तो चूक दाखवतो, कधी कधी तो मॉड्यूलच जळतो. त्या मॉडेलसाठी बनलेलं टोइंग मॉड्यूल घ्या. दिवे मधूनच मंद होत असतील तर दहापैकी नऊ वेळा अर्थिंग गंजलेलं असतं.

जुनी गाडी तपासताना

आधी गाडीखाली जा. हिच आधीच बसवलेला असेल तर त्याच्या बोल्टची भोकं पाहा. गोलाऐवजी लांबट झाली असतील, किंवा भोवतीचा रंग तडकून चमकदार लोखंड दिसत असेल, तर तो सैल असताना ओढला गेला आहे. ५० मिलिमीटरचा बॉल कॅलिपरने मोजा. ४९ पर्यंत झिजला असेल तर बदला. अमेरिकी दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरचा असतो. ५० चा कपलर (ट्रेलरच्या नाकावरची, बॉलवर बसणारी वाटी) त्यावर नीट बसत नाही आणि वर टेकला तरी खाली अडकलेला नसतो. ही जोडी कधीही जमवू नका.

मागच्या पाट्यांच्या टोकाजवळ, जिथे ते चॅसिसला टांगलेले असतात, तिथे हातोडीने हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पुढची गाडी बघा. बंप स्टॉपचं (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर जिथे टेकतं त्याचं) रबर चेपलेलं, फाटलेलं दिसलं तर गाडीवर वर्षानुवर्षं जादा भार पडला आहे. शॉक अब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का पाहा. ऑटोमॅटिकची तेलकाडी असेल तर काढून पांढऱ्या कागदावर टिपा. तेल लालसर असावं. तपकिरी असून जळका वास येत असेल तर किंमत कितीही पाडली तरी घेऊ नका. डिफरन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं हे विचारा. उत्तर येणार नाही, तेव्हा तुम्हीच बदला.

चाचणी घेताना गाडी पूर्ण तापेपर्यंत, किमान अर्धा तास चालवा. मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम उसळले आणि वेग मात्र तसाच राहिला तर क्लच गेलेला आहे. डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबलेला असू शकतो. इशाऱ्याचा दिवा स्विच ऑन केल्यावर लागतो आणि मग विझतो ना, हे बघा. बल्बच काढून टाकलेला असू शकतो.

इंधनाचा हिशेब

वर्षातून ८ वेळा, जाऊन-येऊन ४०० किलोमीटर म्हणजे ३२०० किलोमीटर ओढणं झालं. एक गाडी दुसरीपेक्षा १०० किलोमीटरमागे ४ लिटर जास्त पीत असेल तर वर्षाचा फरक १२८ लिटर. एवढ्यासाठी नवी, महागडी डिझेल गाडी घेण्यात अर्थ नाही. तीच गाडी रोज वापरणार असाल आणि वर्षाला १५,००० किलोमीटर होत असतील, तर हिशेब उलटतो आणि स्वस्त पण तहानलेली एसयूव्ही दोन वर्षांत महाग ठरते. वर्षातून दोन-तीनदाच जायचं असेल तर ओढण्याची परवानगी असलेली गाडी भाड्याने घ्या, फक्त ट्रेलर स्वतःचा ठेवा.

ट्रेलर लादणं

चांगली गाडी घेऊनही ट्रेलर चुकीचा लादला तर तो डोलतोच. बॉलवर भार किती पडतो ते मोजावंच लागतं. घरचा बाथरूमचा काटा पुरतो. एक जाड फळी घ्या. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, दोन टेकूंमधलं अंतर ९० सेंटिमीटर. विटेकडच्या टेकूपासून ३० सेंटिमीटरवर लाकडाचा ठोकळा उभा करून त्यावर ट्रेलरचं नाक टेकवा, ट्रेलर समांतर राहील इतक्या उंचीवर. चाकं हलू नयेत म्हणून त्यांना उटी लावा. काट्यावरच्या आकड्यातून फळी आणि ठोकळ्यामुळे आधी दिसत असलेला आकडा वजा करा आणि उरलेल्याला ३ ने गुणा. काटा ४६ दाखवतो, आधीचे ६ वजा, राहिले ४०, म्हणजे बॉलवर १२० किलो. १७०० च्या ट्रेलरला हे ७ टक्के झाले. युरोपीय मर्यादेत बसतं, पण १०० च्या वर वेग नेणार असाल तर १० टक्क्यांच्या जवळ जा, अर्थात हिच आणि गाडी तेवढा भार सोसत असतील तरच.

भार कमी-जास्त करायचा तर कार पुढे-मागे सरकवा. बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत ४ मीटर अंतर असेल, तर १००० किलोची कार १० सेंटिमीटर पुढे घेतल्याने बॉलवर २५ किलो वाढतात. योग्य जागा सापडली की पुढच्या चाकासाठी ट्रेलरच्या पट्टीवर रंगाची रेघ मारून ठेवा. इंजिन मागे असलेली सिंगल सीटर नाक पुढे करून चढवली तर वजन ॲक्सलच्या मागे पडतं. ती उलटी चढवावी लागते किंवा ॲक्सलची जागा त्याप्रमाणे असलेला ट्रेलर घ्यावा लागतो. टायरचा जादा संच ट्रेलरच्या शेपटाला लटकवणं ही तर हमखास दिसणारी चूक. डोलण्याला सुरुवात तिथूनच होते.

डोलणं वेगावर अवलंबून असतं. प्रत्येक जोडीला एक वेग असा असतो की त्याखाली ट्रेलर एकदा हलला तर आपोआप शांत होतो आणि त्यावर हलणं वाढत जातं. शेपूट जड, टायरमध्ये हवा कमी, बाजूने ट्रक गेला, की तो वेग खाली येतो. डोलू लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेवढेच लावा. स्टिअरिंगने सावरायला जाऊ नका, वेग वाढवून ‘ताणून’ सरळ करायच्या भानगडीत पडू नका, आणि पायाने ब्रेक करकचून दाबू नका.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. बाजूच्या शेवटच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. हवा थंड असताना भरा, ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेल्या दाबाइतकी. स्टेपनी गाडीची नव्हे, ट्रेलरची हवी, आणि तुमचा पाना त्या नटला बसतो का ते घरीच पाहून ठेवा.

पहिल्या फेरीत ५० ते ८० किलोमीटरवर थांबा. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, पट्टे परत ताणा, कारण कारचं सस्पेन्शन दबून ते सैल पडतात. चारही हबवर हात ठेवून बघा. कोमट हब ठीक. एखादाच हात ठेववत नाही इतका तापला असेल तर बेअरिंग फार आवळलं आहे, त्यातलं ग्रीस संपलं आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे. जॅक लावा, चाक हाताने फिरवा. घरघर ऐकू आली तर बेअरिंग, फिरायलाच जड जात असेल तर ब्रेक.